नव्या पंपाचं पहिलं पाणी

यंत्रं एकमेकांशी बोलत असत त्या काळी, नदीकाठच्या कागद गिरणीत एक नवा पंप आला. म्हातारा पंप थकला होता, वरच्या टाकीतलं पाणी तळाला गेलं होतं. नव्याला हार घातला, पुढ्यात नारळ फोडला.

"आजोबा, आता बघाच!" म्हणत तो गरागरा फिरू लागला. पण थेंब येईना. पोटात नुसती हवा घुसळली जात होती. अंग तापलं, तो किंचाळू लागला. मिस्त्रीने धावत येऊन त्याला बंद केलं.

म्हातारा हसला. "अरे पोरा, नारळ बाहेर फुटला, तुझं पोट कोरडंच! आधी पाणी भरून घे, नाहीतर माझ्याआधी भंगारात जाशील."

"पाणी द्यायला आलेला मी, मागू कुणाकडे?"

"माझ्याकडे माग की!"

नव्याने मान खाली घातली. "द्या, आजोबा."

मिस्त्रीने दोघांना जोडणाऱ्या नळाची तोटी उघडली. म्हातारा कण्हत फिरला आणि आपलं पाणी नव्याच्या पोटात ओतू लागला. वरच्या छिद्रातून हवा फुसफुसत निघून गेली, मग अखंड धार आली. मिस्त्रीने छिद्र बंद केलं. नवा पुन्हा फिरला आणि नदीचं पाणी धो धो टाकीत पडू लागलं.

म्हाताऱ्याला भंगाराच्या गाडीवर चढवत होते, तेव्हा सगळे नव्याची वाहवा करत होते. तो मात्र प्रत्येकाला सांगत होता, "यातलं पहिलं पाणी आजोबांचं आहे."