नख अडकतं तिथं

एकदा एका नदीकाठच्या गावी एक वृद्ध चाकं दुरुस्त करत असे. बैलगाडीची नव्हेत, तर वाफेच्या माऱ्यानं गरगरणारी, साखर कारखान्यातल्या टर्बाईनची. त्या चाकाच्या कडेनं पोलादी पाती दाटीनं एकाशेजारी एक उभी असतात. वाफ पात्यांवर आदळते, चाक फिरतं, चाकाच्या जोरावर ऊस पिळणारे रूळ फिरतात, आणि मग कुठं आपल्या चहात साखर पडते. चहा पिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं, आणि असायलाच हवं असंही नाही. पण पातं तुटताना ज्यानं पाहिलं आहे, तो ते जन्मभर विसरत नाही. एक पातं सुटतं, ते शेजारच्याला कापतं, तो तुकडा पुढच्याला, आणि पापणी लवायच्या आत अख्ख्या रांगेचा चुरा होतो.

त्या वृद्धाला सगळे नाना म्हणत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले अभियंते, पण बोटांत अजून कानस खेळत असे. हाताखाली माणसं पुष्कळ, शिष्य मात्र दोनच. थोरला बाळगोंडा, केस पिकलेला, मोजकं बोलणारा, हाताचा हलका. धाकटी वैजयंता, तंत्रनिकेतनातून पहिली आलेली, कष्टाळू, आणि जिभेला धार अशी की ती बोलू लागली की लेथवरचा माणूस लेथ बंद करून ऐके. बाईच्या जिभेला धार असली की लोक नाकं मुरडतात आणि पुरुषाच्या असली की त्याला बाणा म्हणतात, ते असो. वैजयंताची धार कामावरच्या प्रेमातून आली होती, एवढं ध्यानात ठेवावं. आणि हेही, की कानस कशी धरायची हे तिला पहिल्यांदा बाळगोंडानं शिकवलं होतं.

नानांच्या कार्यशाळेत एक रीत होती. चाकाच्या कडेला गोल खाच असते आणि त्या खाचेत शिरायला दरवाजा एकच. प्रत्येक पातं त्या दरवाजातून आत घालायचं आणि हलके ठोके देत, सरकवत नेऊन आधीच्याला भिडवायचं. सगळ्यात शेवटचं पातं त्या दरवाजातच बसतं. त्याला पिन मारली की वाट कायमची बंद. त्याला ते कुलूप म्हणत. रीत अशी, की ज्यानं पहिलं पातं घातलं, कुलूपही त्यानंच लावायचं. रांग कुठं सैल आहे, कुठं ओढून धरते आहे, हे पहिल्या पात्यापासून ठोकत आलेल्या मनगटालाच कळतं, असं नाना म्हणत.

गळीत हंगाम तोंडावर आला होता. एका शेठजींच्या कारखान्याचं चाक दुरुस्तीला आलं होतं. गाळपासाठी उसाची पहिली मोळी टाकायचा मुहूर्त ठरून पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. पहिलं पातं बाळगोंडानं घातलं होतं आणि रांग जवळजवळ भरत आली होती. शेजारच्या टेबलावर वैजयंता दुसऱ्या एका चाकाचं काम करत होती.

पोलादाच्या पात्याला पोलादाच्या हातोड्यानं ठोकायचं नसतं, घाव पडतो. म्हणून तांब्याचा हातोडा. धड असा तांब्याचा हातोडा तिथं एकच होता. वैजयंतानं तो दोन ठोक्यांपुरता म्हणून नेला आणि आपल्याच टेबलावर ठेवून दिला. बाळगोंडाचं शेवटून दुसरं पातं केसभर पुढं जायचं राहिलं होतं. त्यानं हात लांब केला, हातोडा नव्हता. जवळ पडलेला पोलादाचा उचलला आणि हलकेच एक ठोका दिला. तो निसटला.

कुलपाआधी आणि कुलपानंतरही दुसऱ्यानं रांगेवरून नख फिरवायचं, हीसुद्धा तिथली शिस्त. डोळा फसतो, नख फसत नाही. वैजयंता नख फिरवत आली आणि त्या पात्याच्या कडेवर ते अडकलं. तिळाएवढी खाच. तिचं डोकं फिरलं.

"दादा, पात्याला पोलादाचा हातोडा लावलात?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं इथं काम केलंत का नुसती हजेरी लावलीत?"

दोघं-तिघं फिस्सकन हसले.

बाळगोंडानं तिच्या टेबलाकडं पाहिलं. तिनंही पाहिलं. तांब्याचा हातोडा तिथं निवांत पडला होता. बाळगोंडानं चिंध्यांना हात पुसले, एप्रन काढून खुंटीला लावला, आणि तो निघून गेला.

त्या क्षणी तिनं तोंड उघडायला हवं होतं, हे तिला तेव्हाच कळलं. पण चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच मागं घ्यायचा म्हणजे भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. ती खाली मान घालून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा आला नाही. आले ते शेठजी.

"नाना, चाक कधी मिळणार? मुहूर्त काही माझ्यासाठी थांबायचा नाही."

नानांनी त्यांना पात्यावरची खाच दाखवली. शेठजींनी चष्मा वर केला, खाली केला.

"एवढंसं होय? वेल्डिंगचा ठिपका द्या, वरून पॉलिश मारा. आरशासारखं होईल. कोण बघतंय?"

"वाफ बघते," नाना म्हणाले.

"बरं, ते तुमचं तुम्ही बघा. पण तो माणूस रुसून बसलाय म्हणून माझं चाक अडकायला नको. कुलूप ही मुलगी लावेल की. काय गं, येतं ना तुला?"

वैजयंताला येत होतं. नानांनंतर त्या कार्यशाळेत कुलूप लावायची छाती दोघांचीच होती, आणि त्यातली एक ती. एरवी असं विचारल्यावर ती फुलून आली असती. आज तिनं नानांकडं पाहिलं.

"तिला येतं," नाना म्हणाले. "शेठ, चहा घ्या."

चहा येईतो नानांनी ते पातं दरवाजाशी सरकवून बाहेर काढलं आणि व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरलं. मग कानस घेतली आणि घासायला सुरुवात केली. शेठजींना वाटलं, वरवर हात फिरवतील. वैजयंतालाही तसंच वाटलं. पण नाना थांबेनात. खाचेच्या या अंगाला घासलं, त्या अंगाला घासलं, आणि पाहता पाहता त्या नव्याकोऱ्या पात्याच्या कडेला आंगठा आडवा टेकावा एवढा खोलगट भाग झाला.

"नाना, अहो काय करताय?" वैजयंताला राहवेना. "तिळाएवढं होतं, त्याची खारीक केलीत. पातं बारीक झालं ना."

"झालं," नाना म्हणाले आणि घासत राहिले.

शेठजींनी चहा अर्धा ठेवला. "म्हातारा हट्टाला पेटला की आपलं काही चालत नाही," असं ड्रायव्हरला ऐकवत ते निघून गेले.

नानांनी कानस खाली ठेवली. "वैजू, या चाकातलं एक जुनं पातं तू खडूनं फुली मारून बाजूला काढलं होतंस, ते आण."

तिनं आणलं. त्याच्याही कडेला तसाच एक खोलगट भाग होता, याहून मोठा.

"फुली का मारलीस?"

"केवढा खड्डा आहे, बघा की."

"बघायचं नाही. नख फिरव."

तिनं नख फिरवलं. ते गुळगुळीत खाली उतरलं, गुळगुळीत वर आलं.

"हा खड्डा मी केला," नाना म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधी. इथंही अशीच तिळाएवढी खाच होती. तेव्हापासून हंगामामागून हंगाम हे पातं फिरतंय. पातं घावानं तुटत नाही, पोरी. घावाच्या टोकानं तुटतं. चाक फिरू लागलं की प्रत्येक पात्याला बाहेर फेकणारी ओढ लागते. ती ओढ पात्याच्या अंगातून नदीसारखी वाहते. गोल खोलगट जागा आली तर ती वळसा घालून पुढं जाते. टोकदार खाच आली, मग ती कितीही बारीक असो, की सगळी ओढ त्या टोकाशी येऊन दाटते. तिथं चीर धरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण चाकाच्या फेऱ्यांसरशी आत आत सरकत राहते. आणि एके दिवशी काही कारण नसताना पातं जातं. लोक म्हणतात, काल तर चांगलं चाललं होतं."

"मग शेठजी म्हणाले तसं भरून का नाही टाकायचं?"

"भरल्यानं दिसायचं बंद होतं, एवढंच. वरचा ठिपका कडक, भोवतीचं पोलाद भाजलेलं, आणि दोघांच्या सांध्यात टोक तसंच जिवंत. वरून नखालाही लागत नाही, म्हणजे ते आणखी वाईट. टोक काढायचं तर घाव उघडा ठेवून रुंद करावा लागतो. त्याला लागणारा धातू बाहेरून आणता येत नाही, आपल्याच अंगचा द्यावा लागतो. पातं थोडं बारीक होतं. होऊ दे. टिकतं."

वैजयंता बराच वेळ त्या जुन्या पात्यावरून नख फिरवत राहिली.

"नाना, हे तुम्ही पात्याबद्दलच बोलताय ना?"

"मी लोखंडातला माणूस. मला दुसरं काय कळतंय? पॉलिश पेपर घे. कानशीच्या आडव्या रेघा राहिल्यात, त्या सगळ्या घालव. पेपर पात्याच्या लांबीनं चालव. आडवी रेघ राहिली तर तेही एक टोकच. पात्याचं वजन उतरलंय, चाकाचा तोल मी मागाहून बघतो."

ती पॉलिश करायला बसली. हात चालत होता तसं मनही चालत होतं. कालपासून तिच्या डोक्यात एक बेत होता. बाळगोंडाच्या घरी पेढे घेऊन जायचं, वहिनींशी गोड बोलायचं, आणि निघताना सहज म्हणायचं, दादा, झालं गेलं विसरून जा. हे वाक्य आपल्याकडं फार चालतं. ज्यानं घाव घातला तोच ते बोलतो, आणि ज्याला लागला त्यानं मान डोलवायची. वैजयंताच्या ध्यानात आलं की आपले पेढे म्हणजे शेठजींचा वेल्डिंगचा ठिपका. वरून चकचकीत. आत सगळं तसंच.

पातं आरशासारखं झालं तेव्हा दुपारची चहाची वेळ झाली होती. कार्यशाळेसमोर रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती. सगळी माणसं तिथं जमली होती, आणि बाकड्याच्या टोकाला कार्यशाळेकडं पाठ करून बाळगोंडाही बसला होता. कामाला आला नव्हता, पण चहा चुकवला नव्हता. माणसाचा राग असा असतो. तो उंबऱ्यापर्यंत येतो आणि कुणी हाक मारतंय का याची वाट बघतो.

वैजयंतानं तांब्याचा हातोडा उचलला आणि ती रस्ता ओलांडून गेली. बाकड्यावर त्याच्या बशीशेजारी तिनं तो ठेवला. काल जे हसले होते ते सगळे समोरच होते.

"दादा," ती म्हणाली, "काल हा माझ्या टेबलावर होता. दोन ठोक्यांसाठी नेला आणि परत द्यायचं विसरले. तुम्हाला टोचून बोलले, मग हातोडा डोळ्यांपुढं दिसला. तरी मी गप्प बसले. खाच तुमच्या हातून पडली, पण हातोडा मी अडकवून ठेवला होता म्हणून पडली. हे यांच्यासमोर सांगायचं होतं."

कुणीतरी पेला खाली ठेवला. बाळगोंडानं बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"मला बी दिसत होता की," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलायला मधे जागा सोडलीस व्हय?"

टपरीवर हशा पिकला. पण बाळगोंडा हसला नाही. तो हातोड्याकडं बघत होता.

"खरं सांगू का वैजू, हातोडा मागितला असता तर तू दिला असतास. मलाच मागायला जड गेलं. जिला कानस धरायला शिकवली, तिच्यापुढं हात पसरायचा? म्हणून पोलादाचा उचलला. ठोका माझा तो माझाच." त्यानं बशी ओठाला लावली आणि रिकामी केली. "चहा घे."

"कुलूप लावल्यावर घेते."

"मग चल की. का पालखी आणू तुला?"

पातं पुन्हा रांगेत गेलं. बाळगोंडा तांब्याच्या हातोड्यानं ठोकत होता, वैजयंता पलीकडून धरत होती, आणि नाना स्टुलावर डोळे मिटून नुसता ठोक्यांचा आवाज ऐकत होते. कुलूप दरवाजात उतरलं, पिन बसली. चाक मुहूर्ताआधी पोचेल, असा निरोप शेठजींना गेला.

शिस्तीप्रमाणं दोघांनी रांगेवरून नख फिरवलं. बाळगोंडाचं बोट त्या खोलगट जागेशी आलं आणि थांबलं.

"हे नानांचं काम दिसतंय."

"घासलं नानांनी. पॉलिश माझं."

त्यानं तिथून पुन्हा एकदा सावकाश नख फिरवलं. ते कुठं अडकलं नाही.

आपणही आपल्या माणसांच्या बाबतीत अधूनमधून असं नख फिरवून पाहावं. अडकलं, तर कानस आधी स्वतःच्या अंगावर चालवावी.