मैनेचे दुखणे

एका राज्यात राजा डाव्या हाताने जेवत असे. राजाच तो, त्याला कोण विचारणार? आधी प्रधान डाव्या हाताने जेवू लागले, मग सरदार, मग सरदारांची मुले. आणि पुढे पुढे उजव्या हाताने घास घेणारा माणूस पंगतीत वेगळा दिसू लागला.

कारण साधे होते. राजा धृतिसेन याच्या उजव्या मुठीत नदी होती.

ती तिथे अशी आली. एका वर्षी नदी पात्र सोडून खालच्या आळीत शिरली आणि घाटावर बकुळीची फुले वेचायला गेलेली राजकन्या शलाका तिने नेली. सुतक फिटताच राजा नदीच्या उगमाशी गेला. तिथे एक मांत्रिक राहत असे. त्याने पाण्याचे सूत कातले, एक टोक नदीच्या पोटात सोडले, दुसरे राजाच्या हाती दिले आणि म्हणाला, "मूठ मिटलेली असेल तोवर नदी काठ ओलांडणार नाही." राजा मूठ मिटून परत आला. लोकांनी खालच्या आळीत पुन्हा घरे बांधली, घाटावर दिवे लावले आणि नदीची चिंता सोडून दिली. चिंता नाहीशी झाली नव्हती. ती एका माणसाच्या मुठीत गेली होती.

वर्षे गेली. राजा झोपेनासा झाला. भाटांनी कवन रचले, की राजा जागतो म्हणून प्रजा निजते. राजा हसेनासा झाला. वयाचे गांभीर्य आले, असे सभेने मानले. ऐकलेला निवाडा तो पुन्हा वाचायला लावी, आणि संपताच पुन्हा. न्याय किती बारकाईने पाहतात, म्हणून प्रधानांनी मान डोलावली. दुखण्याची एकेक खूण उमटत होती आणि सभा तिला थोरवीचे नाव देत होती.

राजाच्या शयनमंदिरात शलाकेची मैना होती. शलाकेच्याच आवाजात ती रोज म्हणे, "बाबा, बकुळ!" एका सकाळी ती हे म्हणाली नाही. तिने चोच उघडली आणि आतून श्वास आला: आखूड, तुटक, धावून दमलेल्या माणसाचा, मध्येच घशात अडकणारा.

राजवाडा हवालदिल झाला. राजवैद्य पुष्कर यांनी मैनेच्या छातीला कान लावला आणि कफाचे निदान केले. मध झाला, अडुळसा झाला, सोललेले डाळिंब झाले. गुण येईना. मग संशय मुदपाकखान्यातल्या मांजरीवर गेला. तिनेच पाखराला भेडसावले असणार. मांजरीवर रीतसर आरोप ठेवून तिला सरहद्दीपार सोडण्यात आले. मांजर गेली, श्वास राहिला.

त्या वर्षी भाऊबीजेला राजाची थोरली बहीण कुमुद्वती माहेरी आली. तिने ओवाळले आणि विडा पुढे केला. राजाने डावा हात पुढे केला. पंगतीत ती एकटीच उजव्या हाताने जेवली, आणि इतरांचे हात पाहत राहिली. जेवणे होताच ती पिंजऱ्यापाशी गेली. वैद्यराज तिथे खल घेऊन बसलेच होते.

"काय होते ग तुला?" तिने मैनेला विचारले.

"मला काही होत नाही. मी ऐकते ते बोलते."

"हे कुठे ऐकलेस?"

"इथेच. रोज पहाटे."

कुमुद्वती वळली. "वैद्यराज, आपण भलत्याच रोग्याला औषध देत आहात."

राजा गच्चीत नदीकडे तोंड करून उभा होता.

"धृती, पहाटे रडतोस?"

"राजे रडत नाहीत, अक्कासाहेब."

"मी राजाला विचारलेच नाही."

राजाने मिटलेली मूठ कठड्यावर ठेवली. मग म्हणाला, "बोटे बधिर झाली आहेत. डोळा लागला की वाटते, सुटली. छाती धडधडते, श्वास पुरत नाही. पाहतो तर मूठ मिटलेलीच असते. पण भय जात नाही. मनात येते, ही मूठ घेऊन मीच पाण्यात उतरावे. मग ती कोणालाच उघडता येणार नाही. मलासुद्धा."

"म्हणजे मरावे, असे मनात येते?"

"रोज येते."

अभद्र बोलू नकोस, असे ती म्हणाली नाही. देवाचे नाव घे, प्रजेकडे पाहा, असेही म्हणाली नाही. हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तिने ते गिळले. तिने वैद्यराजांना बोलावून घेतले.

"मी उगमाकडे जाते. परत येईपर्यंत यांना क्षणभरही एकटे ठेवू नका."

"औषध कोणते द्यावे?"

"जवळ बसावे."

"नुसते?"

"जमेल ना?"

वैद्यराजांनी खल बाजूला ठेवला आणि ते खाली बसले.

उगमाशी मांत्रिक सूत कातत होता. कुमुद्वती म्हणाली, "तुमचे सूत माझ्या भावाला खाते आहे."

"त्याने नदी अडवायचा उपाय मागितला, मी दिला. किती काळ धरशील, असेही विचारले होते. म्हणाला, कायमचे. कायमचे धरायला दगडाचा हात लागतो, बाई."

"सोडवायचे कसे?"

"तीन गोष्टी करा. नदीची जागा नदीला द्या. धरणाऱ्याने भर सभेत सांगावे, की मला पेलत नाही. चोरून उघडलेली मूठ पुन्हा मिटते. आणि मूठ उघडताना त्याचा दुसरा हात कोणीतरी धरावा, पाणी स्थिरावेपर्यंत सोडू नये."

"मग तो बरा होईल?"

"मग तो मोकळा होईल," मांत्रिक म्हणाला. "बरा हळूहळू."

कुमुद्वती खालच्या आळीत गेली. घरे उठवायची, हे ऐकून गिरजा कुंभारीण चाकावरून उठली. "राजानं नदी धरलीय म्हणून तर बांधली घरं! आता का उठायचं?"

"धरणारा माणूस आहे, गिरजे. तो मोडत चालला आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आम्हालाच ठाऊक नव्हते. आम्ही मैनेला मध चाटवत होतो."

गिरजाने हातांची माती पदराला पुसली. मग तिने ओली मडकी फळीवर मांडली आणि फळी डोक्यावर घेऊन टेकडीची वाट धरली. तिच्यामागे आळी निघाली. शिव्या देत, रडत, दारांच्या चौकटी उखडून सोबत घेत. मागे उरली ती घाटावरची बकुळ.

दुसरी गोष्ट अवघड होती. सभा भरली तरी राजाच्या तोंडून शब्द फुटेना. कुमुद्वतीने पिंजरा आणवून मधोमध ठेवला. मैनेने चोच उघडली, आणि तो आखूड, तुटका श्वास सगळ्या सभेने ऐकला. प्रधान खाकरले. कोणी म्हणाले, "बिचारे पाखरू!" कोणी म्हणाले, "अजून डाळिंब द्या."

"थांबा," राजा म्हणाला. "तो श्वास माझा आहे. मला पेलत नाही."

मैना गप्प झाली. प्रधानांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले आणि तो शेल्याखाली घेतला.

तिसऱ्या गोष्टीसाठी ते टेकडीच्या पायरीवर बसले. समोर रिकामी आळी, घाट, बकुळ. राजाच्या लक्षात आले की आता नदी काय घेणार.

"अक्का, ते झाड तिचे आहे."

"हो."

"ते तरी राहू दे."

तिने त्याचा डावा हात घट्ट धरला. उजव्या हाताची बोटे तळव्याला चिकटली होती. त्याने ती एकेक करून सोडवली. नखांचे व्रण खोल होते, त्यांत पाणी साचले होते. सूत सळसळत गेले. नदी आली ती गर्जत आली नाही. आपल्याच घरी परतणाऱ्या बाईसारखी ती सावकाश आली, ओसऱ्या चढली, घाट झाकला, आणि बकुळ मुळासकट कलती करून घेऊन गेली. तेव्हा राजा रडला, सर्वांसमोर, मोठ्याने. पाणी स्थिरावले तरी कुमुद्वतीने हात सोडला नाही.

सूत सुटले. आळी टेकडीवर नांदू लागली, पंगती उजव्या हाताने जेवू लागल्या, मांजर सरहद्दीवरून मानाने परत आणली गेली. राजाचा हात मात्र पुरता उघडला नाही. भात सांडतो, आणि तो सांडू देतो. शलाकेचा आवाज मैनेला पुन्हा आला नाही. पुष्कळदा ती आता घोरते, आणि वैद्यराज ऐकून पावले न वाजवता निघून जातात.

पण एखाद्या पहाटे तिला तो जुना, तुटका श्वास लागतो. तेव्हा त्या राज्यात पिंजऱ्याकडे कोणी जात नाही. सगळे राजाकडे जातात.