सतरा वस्तू

चूक दाबकेसरांची होती, दुसऱ्या कुणाचीही नाही. तरी जाब तेच विचारत होते, तोही आवाज चढवून.

"सगळ्यांची पात्रं एका डावात सहा घरं पळतात आणि माझा भैरोजी दोनच? हा कुठला न्याय?"

मिरजेतलं गुलाब नालबंदांचं बाइंडिंगचं दुकान रविवारी बंद असतं. दुपारी तिथल्या टेबलावर फासे आणि सोंगट्या मांडून कल्पनेतला प्रवास चालतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. गोष्ट नालबंद चालवतात, म्हणून ते उस्ताद. त्या टेबलावर मेलेलं पात्र परत येत नाही.

सरांनी भैरोजीला दोन वर्षं जपलं होतं. आता पायाखालचा लाकडी पूल पेटला होता आणि भैरोजी सगळ्यात मागे.

उस्तादांनी शांतपणे सांगितलं, ओझं फार झालंय. पात्राच्या कागदावर जे लिहिलं, ते त्याच्या पाठीवर.

सर खवळले. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला प्रवासाची तयारी कुणी शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्या छत्तीस वर्षांत ते एकही गड चढले नव्हते.

"यादी वाचा, सर," उस्ताद म्हणाले.

सर हौसेने वाचू लागले. दोर. उस्तादांनी बाकीच्या सोंगट्या एक घर पुढे सरकवल्या. शिडी, वाटेत भिंत लागली तर. आणखी एक घर. दुसरी ढाल, पहिली फुटली तर. लोखंडी कढई. मेलेल्या सोबत्याचे जोडे. मापाचे नव्हते, पण सोडवेनात. प्रत्येक वस्तूला सरांचं एक कारण, प्रत्येक कारणाला उस्तादांचं एक घर.

"सर, पाटा-वरवंटा राहिला," समोर खेळणारी रेवा पुटपुटली.

सतरावी वस्तू वाचून सरांनी मान वर केली. बाकीच्या सगळ्या सोंगट्या पुलापलीकडे होत्या.

"म्हणजे... मी वाचत होतो तेव्हाही खेळ चालूच होता?"

उस्तादांनी मान डोलावली.

सरांनी कागद हातात घेतला. बघितला... आणि सरळ फाडला.

"टाकलं. सगळं टाकलं."

त्यांचे स्वतःचेच खांदे सैल पडले. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"आता किती घरं पळतो माझा भैरोजी?"

"सहा."

"मग पोचलो?"

उस्तादांनी भैरोजीची सोंगटी उचलली आणि सरांच्या तळहातावर ठेवली.

"पूल सोळाव्या वस्तूला पडला, सर. भैरोजी गेला."