दुपारची कुलपे

जगातील दारिद्र्य दूर करण्यासाठी स्थापन झालेल्या एका महासंस्थेचा अधिकारी एकदा आपल्या जुन्या गुरुजींच्या गावी आला. गुरुजी आता त्या गावचे सरपंच होते. महासंस्थेचा संकल्प चार भाषांत छापलेला होता. त्यांतली एकही भाषा त्या गावात बोलली जात नव्हती.

शिष्याने पक्क्या घरांसाठी पात्र ठरलेल्या कुटुंबांची यादी पुढे ठेवली. "गुरुजी, एवढी सही करा. आज रात्री आठ वाजता यादी बंद होते. यात नाव नाही, त्याला पाच वर्षे घर नाही."

गुरुजींनी यादी वाचली, घडी करून खिशात घातली आणि शिष्याला गावाबाहेरच्या वस्तीत नेले. तिथे ओळीने नऊ झोपड्या होत्या आणि नऊ कुलपे. गुरुजी एका उंबऱ्यावर बसले.

"बस."

"गुरुजी, आमची माणसे इथे तीनदा दुपारी येऊन गेली. नोंद आहे: घर बंद, कुटुंब स्थलांतरित."

"मग परत येईपर्यंत थांबू."

शिष्याने पुन्हा पुन्हा घड्याळ पाहिले. गुरुजींनी एकदाही पाहिले नाही.

दिवस मावळताना बायका परतल्या. धुरपदा नावाच्या विधवेने डोक्यावरची मोळी उतरवली आणि दारात साहेब पाहून ती घाबरली. "घरपट्टी भरली हाय जी म्या. पावती दावू?"

"पावती नको, धुरपदाबाई. तुम्ही गाव कधी सोडलंत, ते साहेबांना विचारायचंय."

"म्या? कुठं जाऊ गाव सोडून? खुरपायला गेल्ते, रोजच्यावानी."

शिष्याने मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, "दुपारी घरी कोण सापडतो? ज्याला बसून खाता येते तो. तुझ्या यादीत पहिले नाव धान्याच्या व्यापाऱ्याचे आहे. त्याने गोठा दाखवून राहते घर म्हणून सांगितले. चहाही दिला असेल."

"दिला होता," शिष्य पुटपुटला.

"दारिद्र्य म्हणजे काय, हे तुझ्या संस्थेला माझ्याहून अधिक कळते. ते कुठे राहते आणि किती वाजता घरी येते, हे मात्र ग्रामपंचायतीला ठाऊक असते. तेवढे विचारत जा."

शिष्याने यादी मागून घेतली आणि व्यापाऱ्याचे नाव खोडले. धुरपदेने चिमणी पेटवून धरली. त्या उजेडात, उंबऱ्यावर बसूनच, त्याने एकेकीला विचारत नऊ नावे लिहिली. गुरुजींनी सही केली तेव्हा आठ वाजायला थोडा अवकाश होता.

जगाचे दारिद्र्य मोजायला निघणाऱ्याने निदान एका गल्लीत दिवे लागेपर्यंत बसावे.