ठकाईची विचारपूस

‘बाहेर बसणे’ हा शब्दप्रयोग आता मागे पडत चालला आहे, म्हणून त्याचा अर्थ आधी सांगणे बरे. पाळी आलेल्या स्त्रीने चूल, देव आणि पाणी यांना न शिवता तीन दिवस वेगळे राहायचे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचे, याला बाहेर बसणे म्हणत. कोणी ओसरीच्या कोपऱ्यात बसे. पळसखिंडीत मात्र त्यासाठी गावाच्या कडेला एक खोप होती. त्यामुळे कोण बसली आणि कोण बसली नाही, हे साऱ्या गावाला दिसे. पुढे जे घडले ते या दिसण्यापायीच घडले.

फार वर्षांपूर्वी, खिंडीतून जाणारी वाट जेमतेम एका बैलाच्या रुंदीची होती तेव्हा, या गावात ठकाई नावाची सुईण राहत असे. तिच्या हातावर जन्मलेले मूल रडण्याआधी हसत असे, असे म्हणतात. ते खरे असो वा नसो, ती प्रश्न फार विचारी आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलत नसे, याविषयी मात्र कोणाचे दुमत नाही.

एके वर्षी पाऊस मुळीच झाला नाही. विहिरी आटल्या. बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून पाणी वाहू लागल्या. पहाटे निघत, उन्हे चढल्यावर परतत आणि पुन्हा निघत. धान्य संपले तेव्हा बरबडा नावाच्या रानगवताचे बी दळून त्याच्या भाकरी झाल्या. त्या आधी पुरुषांना, मग मुलांना वाढत. बायकांच्या वाट्याला बहुधा तव्यावरची करपट येई.

त्या गावात बयना नावाची एक तरुण सून होती. तिचा नवरा दिवाळीनंतर मिठाच्या बैलांबरोबर कोकणात उतरला होता आणि अजून परतला नव्हता. शिमगा झाला, पाडवा झाला, आणि पौषानंतर बयना एकदाही खोपीत दिसली नाही. पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली. नवरा परगावी आणि सून बाहेर बसत नाही, याचा गावाने एकच अर्थ लावला.

बयनाची सासू कोंडाबाई ऐन तारुण्यात विधवा झालेली. तिने आयुष्यभर आपले नाव धुतल्या वस्त्रासारखे जपले होते. पाटील तिला म्हणाले, “हा बायकांचा विषय, आम्ही काय बोलणार? तू म्हणशील तसं.” कोंडाबाई तेव्हा खोपीत होती. तिने दुरूनच सांगितले, “उद्या न्हाते आणि तिला खिंडीपलीकडे सोडून येते.” दुष्काळात खिंडीपलीकडे सोडणे म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक होते.

ही वार्ता कळताच ठकाई बयनाकडे गेली. बयना डोक्यावर घागर घेऊन नुकतीच झऱ्यावरून परतली होती. “शेवटची कधी बसलीस?”

“पौषात.”

“ओकाऱ्या? कसला वास नकोसा होतो?”

“पोटात अन्न असेल तर ओकेन ना, ठकाई.”

“मग गावाचं तोंड बंद करायला नुसती जाऊन का नाही बसलीस?”

“आलंच नाही तर कशाला बसू? पाणी कोण आणील?”

ठकाईने तिचा हात धरला आणि तिला थेट खोपीवर नेले.

खोप त्या दिवशी भरलेली होती. एक जण ओरडली, “हिला कशाला आणलंस? हिची वेळ नाही.” पाळीच्या वेळी घ्यायची, जुन्या लुगड्यांची फाडलेली धडपी गाठोड्यात बांधून छपराच्या वाशाला खोचलेली असत. ठकाईने तिकडे हात नेला. गाठोड्यावर कोळ्याचे जाळे होते, दाट आणि अखंड. कोळी ठकाईच्या कानात बोलला, असे म्हणतात. तो काही न बोलता बसला होता, आणि तेवढे तिला पुरेसे होते.

“खोप बायकांनी भरलीये, आणि धडप्यांना आठवडेच्या आठवडे कुणाचा हात लागला नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बसताय तरी कशाला गं? सावलीला?”

सगळ्या कोंडाबाईकडे पाहू लागल्या, कारण वयाने तीच मोठी होती.

“सुनेचं विचारायला आलीस, तर सुनेचं विचार,” कोंडाबाई म्हणाली.

ठकाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. मग कोंडाबाई जमिनीकडे पाहत बोलू लागली. “संक्रांतीपासून मला काही नाही. चुकून एक महिना बसले नसते, तर या गावानं माझं काय केलं असतं? विधवेनं हे कुणाला सांगायचं?”

त्यानंतर दुसरी बोलली. मग तिसरी. प्रत्येकीला वाटत होते की हे आपल्या एकटीलाच झाले आहे.

“आत्याबाई,” बयना सासूला म्हणाली, “मला का नाही सांगितलंत? मीही येऊन बसले असते.”

ठकाईने मग त्यांना समजावले. अंगाला जेव्हा आपले स्वतःचेच पुरत नाही, तेव्हा ते पाळी मागे ठेवते. उपासमार, अतिकष्ट, धास्ती, दुखणे, अंगावर पिणारे मूल, उतरते वय, यांतले काहीही तिला लांबवू शकते. गर्भ हे त्यांतले एक कारण आहे, एकमेव नव्हे.

ठकाईने हे पाटलांना सांगितले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी आपले राखलेले ज्वारीचे पेव, म्हणजे जमिनीतले कोठार, उघडले. ठकाईने त्या ज्वारीची आंबील केली. सगळ्या जणी पोटभर प्यायल्या तरी मडके रिते झाले नाही, असे म्हणतात. पुढे पाऊस आला, पीक आले, आणि एकेकीची पाळी परतली. बयनाचीही परतली. एकीला मात्र खरोखरच दिवस गेले होते. तिला मुलगी झाली. कोंडाबाईची पाळी पुन्हा कधीच आली नाही. ते वयच होते.

खोप आता नाही. त्या जागी एक ओटा आहे, आणि चैत्रात गावच्या बायका तेथे एकत्र जेवतात; त्या दिवशी कोणीच बाहेरची नसते. पळसखिंडीत तेव्हापासून पाणी आणणारी आधी जेवते. एखाद्या मुलीची पाळी लांबली, तर ‘नीट जेवतेस का, झोप लागते का, कसली धास्ती आहे का’ असे आधी विचारतात, आणि मग तिला दवाखान्यात नेतात. याला तेथे ठकाईची विचारपूस म्हणतात.

ही कथा सांगताना बहुतेक जण एक चूक करतात. ठकाईने बयनाच्या पोटावर हात ठेवला आणि ‘ही निष्कलंक आहे’ असे सांगितले, असे ते म्हणतात. तसे घडले नाही. खोपीतून निघताना कोंडाबाईने विचारले होते, “म्हणजे हिच्या पोटात काही नाही ना?” तेव्हा ठकाई म्हणाली, “ते आज मला सांगता येत नाही. पोर असलं तरी तिला खायला लागेल, नसलं तरी लागेल.”

कोंडाबाईने बयनाच्या डोक्यावरची घागर आपल्या कमरेवर घेतली आणि दोघी घराकडे चालू लागल्या.