तीनदा झालेला सत्कार

ही गोष्ट ज्यानं शेवटपर्यंत ऐकली तो शहाणा झालाच म्हणून समजा. आजवर एकही अपवाद नाही. आता खरं सांगायचं तर आजवर ती शेवटपर्यंत ऐकली आहे एका म्हशीनं, आणि तीसुद्धा दावणीला बांधलेली होती म्हणून. तेव्हा पोरांनो, आणि पोरांच्या पाठीमागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या आजोबांनो, सरकून बसा.

फार जुनी, डोंगरांना नावं पडायच्याही आधीची गोष्ट. एका घाटाच्या पायथ्याशी बाजारपेठेचं एक गाव होतं. त्या गावात नाच-गाण्याची एक शाळा होती. शाळा म्हणजे चार खांब, एक छप्पर आणि एक बाई. छपरापेक्षा बाई मजबूत होत्या. गळा गोड, जीभ तिखट.

वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी, शाळेतली मुलं खेळ करत. खेळ दुपार कलली की सुरू व्हायचा आणि सूर्य डोंगराला टेकला की संपायचा. गावाचा रिवाजच तसा होता, कारण जत्रेला येणारी निम्मी माणसं घाटापलीकडची. वाटेत रान होतं, रानात वाघ होता, आणि वाघाला कलेची आवड नव्हती.

खेळाचा खर्च राजा द्यायचा. पण त्या वर्षी राजाला कबुतरांचा नाद लागला आणि शाळेच्या वाटणीचं सगळं कबुतरांच्या पोटात गेलं.

आता त्याच शाळेत एका मेंढपाळाची पोर होती. डोंगरावरून उतरणाऱ्या नदीचा नाच ती आठ महिने बसवत होती. त्यातलं एक वळण ती असं घ्यायची, की बाईंनाही तरुणपणी तसं जमलं नव्हतं. हे बाईंनी तिला कधी सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पोरीचा बाप डोंगरावरून येऊन सांगून गेला होता, "बाई, जत्रेत एकदा तिचा नाच बघतो. त्यात काही आहे असं वाटलं, तर राहू दे शाळेत. नाही वाटलं, तर मेंढ्यांमागे यायचं. ही बोली."

"बघाल तेव्हा बोली विसराल," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून बाजारात निघाल्या.

आधी कापडवाले शेठ.

"पडदा देतो की. आपलीच लेकरं ती," शेठ म्हणाले. "फक्त पडद्यावर माझं नाव घाला. आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत पडदा वर करू नका."

"शेठ, जत्रेतल्या माणसांना वाचता येत नाही."

"मग वाचून दाखवा. तीनदा दाखवा, मागच्यांना ऐकू जात नाही."

मग लाकडाच्या वखारीचे शेठ. ते रंगमंचाला फळ्या द्यायला तयार झाले. "पण फळ्या जाणार पायाखाली. त्यांच्यावर नाव घातलं तर तुमची पोरं नाचणार ती माझ्या नावावर."

"मग काय करू?"

"माझ्यावर एक गाणं करा. जास्त नको. बारा कडवी."

शेवटी भांडीवाले शेठ. त्यांनी घुंगरं काढून पुढे ठेवली. "मला काही नको, बाई. मला नावाचा सोस नाही. एक शाल, एक नारळ, एक हार. आणि मी दोन शब्द बोलेन."

हे इतर दोघांना कळलं. मग त्यांनाही शाल हवी झाली. आणि प्रत्येकाला पहिली हवी झाली. तिघे शाळेच्या दारात येऊन असे भांडले, की शेजारची कुत्री गप्प बसून शिकू लागली.

बाईंचं डोकं तडकलं होतं. पण जत्रा आठ दिवसांवर आली होती. त्यांनी तोड काढली. "सत्कार तीनदा करू. दर वेळी पहिला मान वेगळ्याचा."

तिघे खूश झाले. बाईंनाही वाटलं, काय डोकं चालवलं. तिघांची पाठ वळल्यावर मात्र त्या पुटपुटल्या, "ह्यांच्या घशात तो नारळ शेंडीसकट जाऊ दे."

पोरीनं विचारलं, "बाई, नदीचा सराव कधी?"

"आधी वखारीची बारा कडवी पाठ होऊ देत," बाई म्हणाल्या.

जत्रा आली. मेंढपाळ सकाळीच घाट उतरून आला आणि अगदी पुढे, फळ्यांना नाक लावून बसला.

पडद्यावरचं नाव तीनदा वाचलं गेलं. बारा कडवी गायली गेली. वखारीच्या शेठना सातवं कडवं फार आवडलं, म्हणून ते पुन्हा गायलं गेलं. मग सत्कार झाला. मग शाली उतरवल्या, हार काढले, नारळ परत घेतले आणि सत्कार पुन्हा झाला. मग तिसऱ्यांदा. माणसं आधी हसली, मग जांभया देऊ लागली, मग शेंगा खाऊ लागली. शेंगाही संपल्या.

मग भांडीवाले शेठ दोन शब्द बोलायला उठले. पितळ पहिल्यांदा कसं तयार झालं, तिथून त्यांनी सुरुवात केली.

पडद्यामागे पोर हात उंच करून उभी होती. नदी डोंगरमाथ्यावर थांबली होती. बाई दात-ओठ खात होत्या. त्यांनी पडद्याखालून हात घालून शेठजींचं धोतर ओढलं. शेठजींना वाटलं, कुणी पाया पडतंय. त्यांनी खाली न बघता आशीर्वाद दिला आणि पितळेवरून तांब्यावर आले.

पडद्याची दोरी बाईंच्या मुठीत होती. एक हिसका पुरे होता. पण पुढच्या वर्षी मागायला जायचं कुणाकडे, असं मनात आलं आणि मूठ सैल पडली.

दोन शब्द संपले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. पडदा वर गेला. समोर माणसांच्या पाठी होत्या. गाड्या जुंपल्या जात होत्या.

मेंढपाळ घोंगडी झटकून उभा राहिला. "बाई, दुपारपासून पुढेच बसलोय. तीन शेठ पाहिले, एकेकाला तीन-तीनदा. माझी पोर काही दिसली नाही."

"आत्ता नाचेल ती. थोडं थांबा."

"मेंढ्या तिकडे एकट्या आहेत. आणि वाघ थांबत नाही."

पुढच्या साली त्या खेळाला कुणी आलं नाही. पडदा तेवढा होता, त्यावर नाव होतं आणि ते ऐकायला समोर मोकळं मैदान. त्यानंतर शेठही फिरकले नाहीत, आणि दोन पावसाळ्यांत शाळेचं छप्पर खाली बसलं.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी बाई भडकून तिघा शेठांपुढे गेल्या आणि त्यांच्या गळ्यातले हार हिसकावून त्यांनी शेळ्यांपुढे टाकले.

"बाई, आम्ही केलं ते मुलांसाठीच ना?" कापडवाले शेठ दुखावून म्हणाले.

"मुलांसाठी? मुलं सोडून सगळ्यांसाठी केलंत," बाई म्हणाल्या, आणि तशाच अनवाणी घाटाच्या वाटेला धावल्या.

बाप पुढे चालला होता. पोर मागून, घुंगरं हातात घेऊन.

बाईंनी तिला गाठलं. धाप लागली होती, तरी जीभ थांबेना. "त्या तिघांनी तुझी अख्खी दुपार खाल्ली, पोरी. त्यांचं कधी भलं व्हायचं नाही. आणि तूही एवढं गाठीला बांध: ज्याच्यासाठी मागायला जावं, तेच देणाऱ्याच्या हवाली करून येऊ नये."

पोरीनं घुंगरं बाईंच्या हातात ठेवली.

"दुपार माझी होती, बाई," ती म्हणाली. "त्यांना ती मी दिली नव्हती."