लाडू, चिवडा आणि राजाची बॅटरी

"लाडू आणि चिवड्याला शुक्रवारच्या बाजारात विकून टाका!" घाटमाथ्याच्या भद्रसेन राजाने हुकूम सोडला.

लाडू आणि चिवडा हे राजाच्या रथाचे बैल. लाडू पांढराशुभ्र, गोल आणि शांत. चिवडा ठिपक्याठिपक्यांचा, सदा काहीतरी चघळणारा. राजाने विजेवर चालणारी गाडी आणली आणि दोघे गोठ्यात बसून राहिले.

त्यांना वासरं असल्यापासून सांभाळणारी हौसा धावतच दरबारात आली.

"महाराज, त्यांचं काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही," दिवाणजी म्हणाले. "पण गाडीला महिनाभर जेवढ्याची वीज लागते, त्याच्या तिप्पट कडबा हे दोघे बसून खातात!"

"बसवलं तुम्हीच, दिवाणजी! ते कुठे म्हणाले, आम्हाला बसायचंय?"

राजाचं मात्र लक्ष नव्हतं. तो गाडीत डोकावत होता. गाडी सिंहासनाला खेटूनच उभी असे, प्लग लावलेली. बॅटरीचा आकडा बघितल्याशिवाय राजाला चैन पडत नसे. शंभरचा नव्याण्णव झाला की त्याला जेवण जात नसे. पाहुणा म्हणून कुणाकडे गेला, तर रामराम घालायच्या आधी विचारायचा, "प्लग कुठाय?" बॅटरी वाटेत संपेल या भीतीने, गाडी आल्यापासून तो घाटसुद्धा उतरला नव्हता. वाड्याला चार फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा प्लग लावायचा, बहुतेक दिवस एवढाच त्याचा प्रवास.

"हे बघ हौसा," राजा म्हणाला, "तुझे बैल माझ्या बॅटरीच्या उपयोगी पडतात का? नाही ना? मग ऐक. गाडी घाटाखाली जाऊन परत वर आली पाहिजे. वाटेत प्लग लावायचा नाही. आणि परत येताना आकडा निघतानापेक्षा जास्त पाहिजे! हे तुझ्या बैलांनी करून दाखवलं, तर ते राहतील."

सारा दरबार हसला. हौसाने थोडा विचार केला. बैलांना काम नसल्यापासून गाडी धुवायचं काम तिच्याकडेच होतं, आणि धुवायला गाडी उतारावरून टाक्यापाशी न्यायची तेव्हा ती शेजारी बसून सगळं बघायची.

"करते," ती म्हणाली. "पण गाडी निघताना साठवर पाहिजे."

"साठ?" राजा किंचाळला. "साठवर गाडी चालते?"

"चालते, महाराज. शंभर भरलेल्या बॅटरीत मी आणखी ठेवू कुठे?"

राजाने छातीवर दगड ठेवून प्लग काढला. पण आकडा उतरता उतरेना. शेवटी राजा आणि दिवाणजी दोन दिवस गाडीतच बसले. वाड्याला फेऱ्या मारल्या, गार वारा सोडला, गाणी मोठ्याने लावली. दिवाणजी घोंगडी पांघरून शिंकत होते. राजा मोजत होता, "पंच्याण्णव... देवा! एक्क्याऐंशी... अरे देवा!"

गुरुवारी सकाळी आकडा साठवर आला. हौसाने लाडू-चिवड्याला पहाटेच घाटाखाली नेऊन झाडाला बांधलं होतं. राजा चालवायला बसला, हौसा शेजारी, दिवाणजी मागे.

"महाराज, उतारावर गाडीला पळवू नका. पाय उचला! तिला तिची तिची उतरू द्या."

राजाने पाय उचलला. समोरच्या पडद्यावर एक हिरवा बाण उगवला, चाकांकडून बॅटरीकडे जाणारा.

"हे काय?"

"उतारावर चाकं फिरतात आणि तीच वीज करतात, महाराज. टाक्यावर जाताना रोज बघते मी."

दुसऱ्या वळणावर एकसष्ट झाले. घाट संपला तेव्हा बासष्ट! राजा गाडीतच टाळ्या वाजवायला लागला.

"महाराज, हात!" दिवाणजी ओरडले. "आधी चाक धरा!" मग नाक पुसून म्हणाले, "पण वर जाताना सगळं जाईल की! तेव्हा कळेल!"

हौसा उतरली. तिने गाडी बंद करायला लावली, जाड नाडा गाडीला बांधला आणि बैलांच्या मानेवर जू ठेवलं. लाडूच्या कपाळावर हात फिरवला. चिवड्याच्या कानात म्हणाली, "चला माझ्या सोन्यांनो, सावकाश. कुणाला घाई नाही."

किती दिवसांनी जू आलं होतं! दोघांनी शेपट्या उडवल्या आणि गाडी घाट चढू लागली. चढ जास्त आला तिथे हौसाने मागे वळून पाहिलं.

"महाराज, तुम्ही बसा, स्टिअरिंग सांभाळा. दिवाणजी, तुम्ही उतरा! तुम्हाला ओढायचं ठरलं नव्हतं."

दिवाणजी उतरले. पुढच्या वळणावर त्यांना मागून ढकलायलाही लागलं.

गाडी दरबारात पोहोचली. राजाने ती सुरू करून आकडा वाचला. "बासष्ट!"

"ही फसवणूक आहे!" दिवाणजी धापा टाकत म्हणाले. "गाडी बैलांनी ओढली!"

"बैलांनीच करायचं होतं ना, दिवाणजी? आणि वाटेत प्लग लावायचा नव्हता. बघा, शेपटीला वायर दिसते का कुठे?"

दिवाणजींनी खरंच वाकून पाहिलं. चिवड्याने शेपटीचा एक फटका त्यांच्या तोंडावर दिला.

"आणि कडबा?" राजाने सिंहासनावर बसत, हसू दाबत विचारलं. "खर्च किती आला?"

"काल बसून जेवढा खाल्ला तेवढाच, महाराज. एक काडीसुद्धा जास्त नाही!"

राजा हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता तो सिंहासनावरून घसरला आणि लाडूच्या गळ्यात पडला. बाजाराचा हुकूम त्याने तिथेच फाडला. त्याचे तुकडे चिवड्याने खाल्ले. दोघांना मखमली झुली मिळाल्या, हौसाला गोठ्याशेजारी नवं घर मिळालं आणि दिवाणजींना शिंकांवर काढा मिळाला.

पुढच्याच आठवड्यात राजा घाट उतरून खालच्या गावी पाहुणा गेला. यजमान तयारीत होते. त्यांनी धावत जाऊन प्लग दाखवला.

"प्लग राहू दे हो," राजा म्हणाला. "माझे बैल कुठे बांधू?"